आवाजाचा फोटो

सुरतेच्या डिंडोलीत हिलाल फोटोवाल्याचं नाव काढलं की लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, हा माणूस सकाळी पाखरांच्या मागे हिंडतो आणि दुपारी साड्यांचे फोटो काढतो. दुसरी, याला लग्नाचं काम देऊ नये, कारण मांडवाच्या बांबूवर साळुंकी येऊन बसली तर हा नवरीला सोडून साळुंकीकडे वळतो. दुसरी गोष्ट अगदीच खोटी नाही. निदान एकदा तसं झालेलं आहे, आणि त्या नवरीची आई अजून हिलालशी बोलत नाही.

पण हिलालनं आयुष्यभर कशाचे फोटो काढले, असं कुणी विचारलं आणि तुम्ही ‘पाखरांचे’ म्हणालात, तर ते उत्तर अपुरं पडेल. तो आवाजाचे फोटो काढत आला. हसू आलं तर खुशाल हसा. त्याची बायको पुष्पाबाई सुद्धा लग्न झाल्यापासून हसतेच आहे. ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजतो’ हे तिचं वाक्य गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ झालंय.

हे वेड त्याला लागलं ते त्याच्या बापापायी. बाप चिंधा, घरातले सगळे त्यांना आबा म्हणतात. शिंदखेडा तालुक्यातलं गाव सोडून ते सुरतेला आले तेव्हा हिलाल आईच्या कडेवर होता. आबा लूमच्या खात्यात लागले. ज्यांनी लूमचं खातं आतून पाहिलं नाही त्यांना काय सांगावं? पत्र्याच्या छपराखाली शेदोनशे माग एकदम खडखडत असतात. तिथं कुणी बोलत नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं आणि समजून घ्यायचं. बारा तासांची पाळी संपवून माणूस बाहेर आला की रस्ता त्याला मुका वाटतो. आधी तासभर तसं वाटतं, मग संध्याकाळपर्यंत, आणि मग एक दिवस रस्ता परत बोलतच नाही. आबांचं तसं झालं. हिलाल शाळेत जायला लागला तोवर आबांचे कान पुरते गेले होते. गावाकडे गुरांमागे हिंडलेला, पाखराच्या आवाजावरून वेळ सांगणारा माणूस, पण सुरतेनं त्याचे कान घेतले आणि पगार दिला.

खात्याला सुटी असली की आबा पोराला घेऊन तापीच्या काठावर जायचे. एकदा काठावरच्या खांबावर खंड्या बसला होता. त्याची चोच उघडझाप करत होती. आबा थांबले. बराच वेळ बघत राहिले आणि मग हा काय म्हणतोय ते त्यांनी पोराला अहिराणीत विचारलं, “हाऊ काय म्हनी ऱ्हायना?”

“वरडी ऱ्हायना,” हिलाल म्हणाला.

“ते दिखस माले. पन काय म्हनी ऱ्हायना?”

आता तुम्हीच सांगा, ज्याला ऐकू येत नाही त्याला खंड्याचा आवाज कसा सांगायचा? पोर बापाचा हात ओढून पुढे चालायला लागलं. आबांनी परत विचारलं नाही. पण आपल्याला बापाला उत्तर देता आलं नाही, ही गोष्ट हिलालच्या मनात रुतून बसली.

पुढे तोही लूमवर लागला. दुसरं काय होणार होतं? पण एका गावकऱ्याच्या ओळखीनं त्याला पर्वत पाटियाजवळ भूपेंद्रभाईच्या स्टुडिओत काम मिळालं आणि तो खात्यातून सुटला. हा स्टुडिओ साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढायचा. हिलालचं काम दिवे धरायचं, पदर पसरायचं आणि निऱ्यांना पिना लावायचं. भूपेंद्रभाई तोंडाचा फटकळ होता, पण हातचं राखून शिकवणारा नव्हता. “बाई को मत देख, साडी को देख,” तो ओरडायचा. “धागा दिखना चाहिए. गिऱ्हाईकाला हात लावावासा वाटला पाहिजे, समझा?” उजेड तिरका टाकला की जरीचा धागा कसा उठतो, मऊ टाकला की रेशीम कसं दिसतं, हे हिलाल तिथं शिकला. काही वर्षांनी भूपेंद्रभाईनं नवा कॅमेरा घेतला आणि जुना याच्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे हिलाल सायकल काढून गवियरच्या तलावावर गेला.

त्याची पहिली काही वर्षं साडीचीच होती. पाखरू त्याच्या लेखी एक साडी होती. खंड्याचा निळा, शिंजीराचा जांभळा, हळद्याचा पिवळा, पिसाचा धागा न् धागा वेगळा दिसेल असे फोटो तो काढायचा. लोकांनी तोंडभर कौतुक केलं. एका कापडवाल्यानं तर जांभळ्या रंगावरून साडीची छपाई करून घेतली. हिलाल प्रत्येक फोटो आधी आबांना दाखवायचा. आबा फोटो उजेडाकडे धरायचे, बोटांनी कडा पुसायचे आणि म्हणायचे, “चांगला शे.” मग थोडं थांबून म्हणायचे, “काय म्हनी ऱ्हायना?”

दरवेळी तेच. आबा खोचकपणे विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि हिलालला कळून चुकलं की बापाला पिसं नकोच आहेत. पिसं त्यांना दिसतातच, डोळे शाबूत आहेत. त्यांचं जे गेलं ते फोटोतून परत देता आलं तर? ज्या फोटोकडे बघून आबा तो प्रश्न विचारणार नाहीत, असा एक फोटो आपल्या हातून व्हावा. बाकी बक्षिसं, नाव, सगळं त्यापुढे फिकं.

मग त्यानं एक युक्ती काढली. लूमवरची माणसं कानात कापसाचे बोळे घालतात, तसे बोळे घालून तो फोटो काढायला जाऊ लागला. आबांना जसं दिसतं तसं आपल्याला दिसावं, म्हणजे आवाजाचं जे डोळ्यांना दिसतं तेवढंच टिपता येईल, असा त्याचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता. बोळे घातल्यावर त्याला खरोखर नवं दिसू लागलं. पाखरू बोलताना आधी शेपूट दाबतं, मग गळ्यावरची पिसं फाकतात, चोच सर्वांत शेवटी उघडते. दोनएक वर्षं तो तसाच हिंडला. पाखरं बघायला येणारे जुने सोबती त्याला लांबून हाका मारून थकायचे.

त्यातच टिटवी सापडली. उन्हाळ्याचे दिवस होते, गावाबाहेरचा उजाड प्लॉट होता आणि टिटवी जमिनीवर उभी होती. चोच वासलेली, मान ताठ, पंख अर्धे उघडलेले, डोळ्याजवळची लाल कातडी उन्हात चमकत होती. हिलाल पोटावर सरकत सरकत पुढे गेला. ती उडून जाईना. थोडी बाजूला व्हायची, परत यायची, परत चोच वासायची. इतकं भरभरून गाणारं पाखरू त्यानं पाहिलं नव्हतं. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत तो तिथं पडून राहिला.

तो फोटो एका मोठ्या स्पर्धेत पहिला आला. वर्तमानपत्रात छापून आला. फोटोखाली लिहिलं होतं, ‘माळावरचे गाणे’. हिलालनं मोठी प्रत काढली, चौकट करून घेतली आणि घरी आणली. पुष्पाबाईनं शेजारपाजाऱ्यांना पेढे वाटले. आबा पाळीवरून आले, हातपाय धुऊन फोटोसमोर बसले. यावेळी त्यांनी प्रश्न विचारला नाही. हिलालचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता.

आबा म्हणाले, “हाई गाना नही म्हनी ऱ्हायनी. वरडी ऱ्हायनी. तिना अंडा व्हतीन तठे. तू भलता जवय गया व्हता.”

मग आबांनी हिलालच्या तोंडाकडे नीट बघून विचारलं, “तुले आयकू नही उनं का?”

त्यांच्या विचारण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. ज्याचे कान धड आहेत त्या पोराला टिटवीचा आक्रोश कसा ऐकू आला नाही, हे त्यांना कळेना, एवढंच. हिलालला बोळे आठवले. आयुष्यभर ओठ वाचून दिवस काढलेल्या माणसाला एका नजरेत जे कळलं, ते हिलालला सबंध सकाळभर तिच्यासमोर पडूनही कळलं नव्हतं, कारण त्यानं स्वतःच्या हातानं कान बंद केले होते.

दुसऱ्या दिवशी तो प्लॉटवर गेला. फोटो काढून महिना उलटला होता, तरी गेला. जिथं तो पोटावर झोपला होता तिथून हातभरावर खडकाळ मातीत तीन अंडी होती. मातीच्याच रंगाची. टिटवी ऊन चढलं की अंड्यांवर उभी राहून सावली धरते, पोट भिजवून आणून त्यांना गारवा देते. हे गावाकडच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. हिलालनं एक अंडं उचललं. ते हलकं लागलं, आतून वाळलेलं. टिटवी कुठं दिसली नाही, तिचा आवाजही आला नाही. तिथं उन्हात बसून तो मोठा माणूस रडला.

चौकट त्यानं माळ्यावर टाकली. एरवी पुष्पाबाईला बोलायला निमित्त लागत नाही, पण तेव्हा तिनं नुसतं खालून स्टूल धरलं.

त्यानंतर वर्षभर त्यानं पाखराचा एकही फोटो काढला नाही. पहाटे जायचा, पण कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. नुसता बसायचा आणि ऐकायचा. आनंदानं बोलणं कुठलं, भांडण कुठलं, पिलाला दिलेली हाक कुठली आणि ‘माणूस आला’ ही ओरड कुठली, हे हळूहळू उमगत गेलं. त्यानं ठरवलं की आपल्यामुळे पाखरू बोलत असेल तर तो फोटो आपला नाही. आपण तिथं नाही असं समजून ते बोलेल तेवढ्या अंतरावरून जमलं तर काढायचा. त्यामुळे त्याच्या फोटोत पाखरं लहान झाली आणि आजूबाजूचं मोठं झालं. दव पडलेली गवताची काडी गाणाऱ्या वटवट्याच्या भारानं थरथरतेय आणि थेंब सुटतोय, असे ते फोटो. स्पर्धेत त्यांना कुणी विचारेना. ‘पक्षी स्पष्ट दिसत नाही’ असा शेरा मारून ते परत यायचे. भूपेंद्रभाई म्हणाला, “हिलाल, तेरे फोटो में माल किधर है?” हिलाल हसला. पण काम करत राहिला.

खाडीकाठच्या डबक्यात बसलेल्या एका बेडकाचा फोटो त्यानं आणला होता. गळ्याची पिशवी फुगलेली आणि अंगाभोवती पाण्यावर बारीक वर्तुळं उठलेली. आबांनी त्या वर्तुळांवर तळहात ठेवला. “जोरमा शे,” ते म्हणाले. हिलालला वाटलं, जमलं. पण थोड्या वेळानं आबांनी मान वर करून विचारलंच, “पन काय म्हनी ऱ्हायना?”

वर्षं गेली. फिल्म जाऊन डिजिटल आलं. धनश्री, हिलालची मुलगी, कॉलेजात जायला लागली. तिला आजोबांचं आणि बापाचं हे कोडं म्हणजे उगाच केलेला घोळ वाटायचा. “पप्पा, व्हिडिओ काढो ने,” ती म्हणायची. म्हणून एकदा तोही काढून पाहिला. आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, दूर धरला आणि परत दिला. टीव्हीवरच्या माणसांसारखंच झालं ते, त्यांनी सांगितलं. तोंड भराभर हलतं आणि हाती काही लागत नाही. ओठ वाचणाऱ्याला वेळ लागतो, आणि फोटो तेवढा वेळ देतो. धनश्रीला ते पटलं, आणि तिनं परत व्हिडिओचं नाव काढलं नाही.

या सगळ्यात हिलालचेही कान उतरू लागले. त्यालाही लूमनं सोडलं नव्हतं. काही वर्षांच्याच खडखडाटाची वसुली इतक्या उशिरानं सुरू झाली. आधी शिंजीराची चिवचिव गेली. समोर चोच हलायची आणि ऐकू काही यायचं नाही. मग वटवट्या गेला. डॉक्टर म्हणाला, बारीक आवाज आधी जातात, जाडे राहतात थोडे दिवस. हिलालनं घरी कुणाला सांगितलं नाही. पुष्पाबाईला कळलंच, कारण कुकरची शिट्टी झाली तरी तो उठेना.

आणि आबा. त्यांची छाती पूर्वीच बिघडली होती. गेल्या पावसाळ्यानंतर ते खाटेवरच असायचे. श्वास घ्यायलाच इतकी ताकद लागायची की बोलायला उरायची नाही. दोन-दोन दिवस त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. डॉक्टरांनी हिलालला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार अपेक्षा धरू नका. हिलाल घरी येऊन बापाच्या उशाशी बसला. त्याला वाटलं, आपल्या आयुष्यात एकच माणूस होता ज्याला आपल्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि तो चाललाय, आणि आपल्याला अजून सांगता आलेलं नाही.

डुमसच्या अलीकडे वेड्या बाभळींचं रान होतं. आता तिथं टॉवर उठतायत. त्या रानातून तितर ओरडतो, हे हिलालला माहीत होतं. तितराचा आवाज जाडा, अजून त्याच्या कानाला ऐकू येणारा. थंडीत तो रोज पहाटे तिथं जाऊन लांब, भिंतीच्या आडोशाला बसू लागला. तितर लाजरा. आवाज यायचा, पण पाखरू दिसायचं नाही. मग एका सकाळी सूर्य वर येतानाच तितर तुटक्या विटांच्या ढिगावर चढला. पाय रोवले, मान वर ताणली, छाती पुढे काढली. ‘क-ती-तर! क-ती-तर!’ प्रत्येक हाकेला अख्खं अंग हिसडत होतं. मागून आलेल्या उन्हात गळ्याची पिसं एकेक वेगळी झाली होती. रानातून दुसऱ्या तितरानं उत्तर दिलं. हा क्षणभर थांबला, ऐकलं, आणि परत सुरू झाला. हिलाल आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. हिलालनं फोटो काढला. विटा, सळया, मागची क्रेन, सगळं जसं होतं तसं आलं.

धनश्रीनं मोठी प्रत काढून आणली. संध्याकाळी आबांना उशा लावून बसवलं. हिलालनं फोटो त्यांच्या मांडीवर उभा धरला. आबा बघत राहिले. पुष्पाबाई भाकरी टाकता टाकता थांबली. हिलाल प्रश्नाची वाट बघत होता, आणि प्रश्न आला नाही.

आबांनी मान वर ताणली. छाती भरून घेतली आणि तोंड उघडून ओरडले, “क-ती-तर! क-ती-तर!”

आवाज भसाडा, चिरका, वेडावाकडा होता. किती मोठा होतोय हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. भांडी हलली असतील इतका मोठा. गुरांमागची पोरं तितराला अशीच साद घालतात, आणि तितरही सादेला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. आबा साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या माळावर उभे होते. साद घालून ते थांबले. दम लागला होता, पण नजर फोटोवरून हलली नाही. ते उत्तराची वाट बघत होते.

फोटो कुठून उत्तर देणार?

आबांचा चेहरा हळूहळू उतरू लागला. “नही बोलस,” ते पुटपुटले.

इतक्या वर्षांत हिलालनं बापाला पाखरांचे फोटो दाखवले होते. पण स्वतः तोंड उघडून, बापासमोर उभं राहून, ‘असं म्हणतो तो’ हे एकदाही सांगितलं नव्हतं. त्यानं फोटो बाजूला ठेवला. खाटेसमोर, आबांना आपला चेहरा नीट दिसेल असा उजेडात उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. त्यानं पाय रोवले, मान ताणली, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत छाती भरली.

“क-ती-तर! क-ती-तर! क-ती-तर!”

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो थांबला नाही. आबांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, हिसडणाऱ्या खांद्यांकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडावर पोरासारखं हसू आलं, आणि त्यांनी परत साद घातली. हिलालनं परत उत्तर दिलं. धनश्री दारात उभी राहून तोंडावर हात दाबून रडत होती.

शेजारची बाई धावत आली. “क्या हुआ? दादा को कुछ हुआ क्या?”

पुष्पाबाईनं पदरानं डोळे पुसले. तव्यावरची भाकरी करपली होती, ती तिनं काढली.

“कुछ नहीं भाभी,” ती म्हणाली. “बाप-बेटे बात कर रहे हैं.”